वरची गोदावरी, खालून पाहिलेली

गेल्या वर्षी बस्तरच्या इतिहासावरचं एक हिंदी पुस्तक मराठीत आणत होते. कामाचा वेग बरा होता. एका पानावर ‘अपर गोदावरी जिला’ असे शब्द आले आणि तिथे अडकले. वाक्याचा अर्थ सरळ होता: त्या जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर 1862 साली बस्तरवर अहवाल लिहितो. अडचण ‘अपर’ या एका शब्दाची होती.

आमच्या रायपुरात ‘अपर’ हा शब्द कलेक्टर कचेरीच्या पाट्यांवर सगळ्यांनी वाचलेला असतो. अपर कलेक्टर म्हणजे मुख्य कलेक्टरांच्या हाताखालचा जादाचा कलेक्टर. संस्कृतातला ‘अपर’ म्हणजे दुसरा, किंवा मागचा, किंवा पश्चिमेकडचा. त्या हिशेबाने ‘अपर गोदावरी जिला’ म्हणजे ‘जादाची गोदावरी’ किंवा ‘दुसरी गोदावरी’. हिंदी लेखकाने अर्थातच इंग्रजी नाव जसंच्या तसं नागरीत घेतलं होतं. मराठीत मी काय करावं? महाराष्ट्र सरकारने अप्पर वर्धा धरणाला कागदोपत्री ‘ऊर्ध्व वर्धा प्रकल्प’ केलं आहे. तो नमुना समोर होता. ‘ऊर्ध्व गोदावरी जिल्हा’ असं लिहून पाहिलं. मग नकाशा काढला, आणि खरी गंमत तिथे सुरू झाली.

या जिल्ह्याचं मुख्य ठाणं सिरोंचा. आज ते महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातलं, अगदी दक्षिण टोकाचं तालुक्याचं गाव आहे. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर काळेश्वरचं देऊळ, तेलंगणातलं. थोडं खाली गेलं की आमच्या बस्तरातून आलेली इंद्रावतीही गोदावरीला येऊन मिळते. आता ही ‘वरची’ गोदावरी कशी? मराठी माणसाची गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, नाशिक, पैठण, नांदेड करत खाली येते. सिरोंच्यापर्यंत तिने 1465 किलोमीटरांच्या प्रवासातली निम्म्याहून बरीच जास्त वाट संपवलेली असते. सिरोंच्याच्या गोदावरीला आपण वरची म्हणणार नाही. उगमाकडून पाहणारा कोणीच म्हणणार नाही.

हे नाव समुद्राकडून पाहणाऱ्याने दिलं आहे. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला उभं राहून वर पाहिलं की सिरोंचा ‘अप्पर’ होतं. एका नावात कोण कुठे उभा होता हे इतकं स्वच्छ लिहिलेलं मी क्वचित पाहिलं आहे. मग तो माणूस तिथे कशासाठी उभा होता, हे शोधण्यात माझे दोन महिने गेले आणि प्रकाशकाची मुदत टळली.

धवळेश्वरमला 1847 ते 1852 या काळात मद्रास इंजिनियर्समधल्या आर्थर कॉटनने गोदावरीवर बंधारा बांधला. त्रिभुज प्रदेशात कालवे गेले, दुष्काळी मुलुख भाताचा झाला. आजही आंध्रात कॉटनचे पुतळे दिसतात. परक्या अंमलातल्या अधिकाऱ्याला लोकांनी असं आपलंसं केल्याची उदाहरणं फार नाहीत. पण कॉटनच्या डोक्यात शेतीच्या पाण्याइतकंच दुसरं एक वेड होतं: जलवाहतूक. हिंदुस्थानात रेल्वेवर पैसे उधळण्यापेक्षा नद्या आणि कालवे नावांसाठी खुले करावेत, माल पाण्यावरून कितीतरी स्वस्तात जाईल, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. त्याच्या नजरेत गोदावरी हा तयार हमरस्ता होता. वऱ्हाड आणि नागपूर प्रांताचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा उतरत काकीनाडा-कोरिंगाच्या किनाऱ्याला लागेल आणि तिथून जहाजाने मँचेस्टरला जाईल. (कापसासाठी नदी खुली करू पाहणाऱ्या माणसाचं आडनाव कॉटन असावं, हा योगायोग अनुवादात आणणं अशक्य. मी प्रयत्न केला नाही.)

वऱ्हाडचा कापूस तोवर जात कसा होता? बैलांच्या पाठीवर. वंजाऱ्यांचे तांडे किनाऱ्यावरून मीठ वर आणत आणि वरून धान्य, कापूस खाली नेत. बस्तरच्या जंगलातल्या माणसाच्या भाकरीतलं मीठ असंच चालत आलेलं असे. नदीतून एकच माल पूर्वीपासून जात असे: सागवान. पावसाळ्यात ओंडक्यांचे तराफे सोडले की पाणीच ते राजमहेंद्रीपर्यंत नेई. त्यामुळे नदी वाहून नेते, ही कल्पना काही साहेबाच्या डोक्यातून निघालेली नव्हती. ओंडका मात्र खडकावर आपटला तरी ओंडकाच राहतो. कापसाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या नावेचं तसं नाही.

आणि खडक होते. धवळेश्वरमच्या वर नदीत तीन जागी खडकांच्या मोठ्या ओळी आडव्या होत्या. त्यांना सरकारी कागदांत ‘बॅरियर’ म्हटलेलं आहे. मी ‘अडसर’ केलं. पहिला अडसर दुम्मागुडेमला, भद्राचलमच्या वर. दुसरा इंचमपल्लीला, इंद्रावतीच्या संगमाजवळ. तिसरा प्राणहितेवर, देवलमरीला, म्हणजे आजच्या अहेरी तालुक्यात. बेत असा की प्रत्येक अडसराला बंधारा घालायचा, बाजूने कालवा काढायचा, त्याला दरवाजे बसवायचे, आणि नावा पायऱ्या चढल्यासारख्या वर न्यायच्या. काम कॅप्टन हेग या इंजिनियरकडे आलं.

आता राज्यकारभाराची अडचण. 1854 मध्ये डलहौसीने नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा केलं, तेव्हा वर्धा आणि प्राणहितेचा वरचा भाग इंग्रजांकडे आलाच होता. खाली धवळेश्वरम मद्रास इलाख्यात. मधला पट्टा मात्र, गोदावरीच्या दोन्ही तीरांचा, निजामाचा. म्हणजे इंग्रजांची नाव इंग्रजांच्या मुलुखातून निघून इंग्रजांच्याच मुलुखात पोचणार, पण वाटेत निजामाच्या जकात नाक्यांवरून.

त्याच वेळी या खोऱ्यात आणखी काही घडून गेलं होतं. 1858 मध्ये चांद्याच्या जमीनदाऱ्यांत मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी उठाव केला. त्यांच्या साथीला आडपल्ली-घोटचे व्यंकटराव. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेकाठी चिंचगुंडीला गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. ते फौजी नव्हते, टेलिग्राफ खात्याचे लोक होते. या तपशिलाकडे सहसा कोणी थांबत नाही. उठावाचा इतिहास लिहिताना ते ‘दोन इंग्रज अधिकारी’ एवढेच उरतात. पण नदीकाठाने तार चालली होती, म्हणजे नदीकाठ आधीच कुणाच्या तरी आराखड्यात शिरला होता. बाबुरावांना ऑक्टोबर 1858 मध्ये चांद्यात फाशी झाली. व्यंकटराव बस्तरात गेले होते. तेही दोन वर्षांनी पकडले गेले.

26 डिसेंबर 1860 रोजी निजामाशी तह झाला. शाळेत शिकलेल्या इतिहासात हा तह येतो तो 1857 मधल्या निष्ठेचं बक्षीस म्हणून: निजामाला नळदुर्ग-धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले, सुरापूर मिळालं, 50 लाखांचं कर्ज माफ झालं. बदल्यात त्याने काय दिलं हे बहुधा एका ओळीत उरकलं जातं. त्याने गोदावरीच्या डाव्या तीराचा पट्टा दिला, आणि गोदावरीवरच्या वाहतुकीला सगळ्या जकातींतून मोकळीक दिली. पन्नास लाखांच्या शेजारी जंगलाचा हा पट्टा फारच किरकोळ वाटतो, पण इंग्रजांना जे हवं होतं ते याच ओळीत आहे. सिरोंचा, नुगूर, अलबाका, चेर्ला, भद्राचलम, रेकापल्ली हे तालुके एकत्र करून जिल्हा झाला. नदीच्या कडेने ओढलेली एक चिंचोळी पट्टी. नाव: अप्पर गोदावरी. 1861 च्या नोव्हेंबरात मध्य प्रांत स्थापन झाला आणि हा जिल्हा त्याच्या दक्षिण टोकाला लटकला.

जिल्हे साधारण कसे होतात? एखादं जुनं सरकार, परगणा, राजाची गादी, बाजारपेठ, काहीतरी आधीपासून असतं. नवा अंमल त्यावर शिक्का मारतो. रायपूर जिल्हा तसाच. 1818 मध्ये इंग्रज अधीक्षक ॲग्न्यूने भोसल्यांच्या काळातलं रतनपूरचं ठाणं हलवून रायपूरला आणलं, पण छत्तीसगड त्याच्या आधीही होतंच. अप्पर गोदावरीचं तसं नाही. या जिल्ह्याच्या पोटात कोया होते, गोंड होते, तेलुगू बोलणारे शेतकरी होते, वरच्या अंगाला मराठी होती, भद्राचलमला रामाचं देऊळ होतं. पण या सगळ्यांना एका दोरीत ओवण्याचं कारण त्यांच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. ते कारण त्यांच्या शेजारून वाहत होतं, आणि तेही पुरतं नव्हतं. ते पूर्ण व्हायचं होतं. हा जिल्हा आधी जाहीर झाला आणि ज्याच्यासाठी जाहीर झाला ती वाट मागाहून बांधायला घेतली.

इथे सी. एल. आर. ग्लासफर्ड येतो. तोच तो माझ्या हिंदी पुस्तकातला डेप्युटी कमिशनर. सिरोंच्यात बसून त्याने नदीकडे पाठ केली आणि इंद्रावतीच्या वर, पूर्वेकडे पाहिलं. बस्तर संस्थानाशी इंग्रजांचा संबंध त्या काळी सिरोंच्यामार्फत होता. 1862 चा त्याचा बस्तरवरचा अहवाल पुढच्याच वर्षी सरकारने छापला. त्यात राजा भैरमदेवाचा दरबार, जमीनदाऱ्या, जाती-जमाती, रस्ते, पिकं, जंगलं असं सगळं आहे. बस्तरवर लिहिणारा प्रत्येक जण, इंग्रजीत असो की हिंदीत, या अहवालापाशी येतोच. दक्षिण बस्तरात 1859 साली झाडं तोडणाऱ्या बाहेरच्या ठेकेदारांविरुद्ध कोयांनी जो उठाव केला, त्याच्या हकिगतीतही हे नाव येतं. हिंदी पुस्तकांत त्याचं कधी ग्लसफर्ड होतं, कधी ग्लासफोर्ड, एका ठिकाणी मी क्लासफोर्डही वाचलं. मराठीत मी ग्लासफर्ड ठेवलं.

रायपूरच्या माणसाला हे थोडं खटकणारं आहे. बस्तर म्हटलं की आमच्या डोक्यात वाट रायपूर, धमतरी, कांकेर, केशकाल घाट, जगदलपूर अशीच उलगडते. राजधानी इथे, म्हणून बस्तर इथून दिसतं. पुढे संस्थानांचा कारभार रायपूरकडे आल्यावर ही नजर पक्की झाली. पण साहेबाची बस्तरवर पहिली सविस्तर नजर पडली ती रायपूरहून नव्हे, पश्चिमेकडून, नदीकडून, तेलुगू-मराठी मुलुखातून. त्यामुळे ज्या दस्तऐवजावर आमचा अर्धा बस्तर-अभ्यास उभा आहे तो एका अशा जिल्ह्यात लिहिला गेला, जो आज ना छत्तीसगडच्या आठवणीत आहे ना महाराष्ट्राच्या.

नदीचं काम सुरू झालं तेव्हा दैव अनुकूल दिसत होतं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1862 मध्ये चीफ कमिशनर म्हणून रिचर्ड टेंपल नागपूरला आला. तो धडाडीचा माणूस. गोदावरीच्या नौकानयनावर त्याने स्वतंत्र अहवालच लिहिला. त्याच वर्षी, त्याच कापसासाठी, नागपूर जिल्ह्याचा तुकडा काढून वर्धा जिल्हा करण्यात आला. दोन जिल्हे, दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेले, एकाच पिकावर डोळा ठेवून.

पुढे काय झालं ते तारखांतूनच कळतं. 1865 मध्ये अमेरिकन युद्ध संपलं आणि कापसाचे भाव कोसळले. मुंबईतल्या शेअरबाजाराची त्या वर्षी झालेली धूळधाण मराठी वाचकाला ठाऊक आहे. 1866 मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी रेल्वेच्या वाटेवर वर्धा शहर वसवलं गेलं. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. आता हिंगणघाटचा गठ्ठा वर्ध्याला गाडीत चढला की मुंबईला उतरत होता, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सारखाच. कॉटनची नदी मात्र वर्षातले काही महिनेच नाव चालण्याइतकी भरलेली असे. पावसाळा ओसरला की पात्रात वाळू आणि खडक. कापूस वेचून, सरकी काढून, गठ्ठे बांधून तयार होई तोवर पाणी उतरायला लागलेलं असे. पिकाचा हंगाम आणि नदीचा हंगाम एकमेकांशी जुळत नव्हते, आणि हे विदर्भातल्या कोणत्याही शेतकऱ्याने एका वाक्यात सांगितलं असतं.

त्यात हिवताप. या खोऱ्याची कीर्तीच तापासाठी होती. मजूर टिकत नसत. दुम्मागुडेमला बंधारा, कालवा, दरवाजे हे काम बऱ्यापैकी उभं राहिलं. वरच्या दोन अडसरांची कामं मागेच राहिली. 1871 मध्ये, लाखो रुपये खर्च झाल्यावर, सरकारने योजना सोडून दिली.

हेगचं काय झालं? तो धार्मिक माणूस होता. दुम्मागुडेमला असतानाच त्याच्या पुढाकाराने कोयांमध्ये ख्रिस्ती मिशनचं काम सुरू झालं. नदीचं काम बंद पडलं, मिशन राहिलं. तिथलेच पाद्री जॉन केन यांनी पुढे ‘इंडियन अँटिक्वेरी’त भद्राचलम आणि रेकापल्ली या तालुक्यांवर, तिथल्या कोयांवर आणि त्यांच्या बोलीवर लेख लिहिले. मला हे वाचताना उगाच बरं वाटलं. व्यापाराच्या योजनेच्या ढिगाऱ्यातून शेवटी कुणाच्या तरी भाषेची नोंद बाहेर आली. हेतू धर्मप्रसाराचा होता हे खरं, पण माझ्या धंद्यात असे हेतू नाकारायला बसलं तर अर्ध्या शब्दकोशांची पानं फाडावी लागतील. मराठीचा मोल्सवर्थसुद्धा टिकणार नाही.

योजना गेली तशी जिल्ह्याची गरजही गेली. 1874 मध्ये भद्राचलम आणि रेकापल्ली हे खालचे दोन तालुके मद्रास इलाख्यातल्या गोदावरी जिल्ह्याला जोडले. उरलेल्या चार तालुक्यांची मिळून सिरोंचा तहसील झाली आणि ती चांदा जिल्ह्यात गेली. वयाची 14 वर्षंही धड भरली नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या चारांतलेही नुगूर, अलबाका आणि चेर्ला मद्रासकडे गेले. सिरोंचा एकटं उरलं.

मोडलेल्या जिल्ह्याची सवय मात्र लगेच मोडत नाही. 1876 मध्ये बस्तरात मुरियांचा मोठा उठाव झाला. दिवाण गोपीनाथ आणि मुन्शी आदितप्रसाद यांच्या जाचाविरुद्ध लोकांनी जगदलपूरला वेढा दिला. तेव्हा बोलणी करायला आणि फौज आणायला जो मॅकजॉर्ज नावाचा अधिकारी आला, तो सिरोंच्याहून. जिल्हा कागदावरून पुसून दोन वर्षं झाली होती, पण बस्तरला जाणारी सरकारची वाट अजून तिथूनच निघत होती.

आज तुम्ही चंद्रपूर जिल्ह्याच्या इतिहासाची कोणतीही संक्षिप्त माहिती उघडली, तर तिथे बहुधा असं वाक्य भेटेल की 1874 मध्ये मद्रासचा अप्पर गोदावरी जिल्हा रद्द होऊन चार तालुके चांद्याला जोडले गेले. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. जिल्हा मद्रासचा नव्हता, मध्य प्रांताचा होता. 1870 साली नागपूरहून निघालेल्या चार्ल्स ग्रँटच्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्ये इतर जिल्ह्यांसारखीच त्याचीही नोंद आहे. चूक कशी झाली असेल हे सहज कळतं. ‘गोदावरी’ हे नाव मद्रास इलाख्यातल्या जिल्ह्याचं, मग ‘अप्पर गोदावरी’ त्याचाच वरचा भाग असणार. नाव ज्याच्या नजरेतून दिलं, त्याच्याच खात्यावर जिल्हाही जमा झाला.

जंगलातला तो पट्टा त्यानंतरही हलत राहिला. भद्राचलम मद्रासमधून आंध्रात आलं, 1959 मध्ये पूर्व गोदावरी जिल्ह्यातून खम्मममध्ये गेलं. 2014 मध्ये तेलंगण वेगळं झालं तेव्हा पोलवरम धरणाच्या बुडीत क्षेत्रासाठी भद्राचलमच्या आजूबाजूचा मुलुख आंध्राकडे वळवला. गाव आणि रामाचं देऊळ तेलंगणात, देवळाभोवतीचा बराच प्रदेश आंध्रात. रेकापल्ली आंध्रात गेलं. 1860 मध्ये नदीवरच्या एका योजनेसाठी या लोकांची सरहद्द हलली होती. 154 वर्षांनी नदीवरच्या दुसऱ्या योजनेसाठी पुन्हा हलली. दोन्ही वेळा तिथल्या कोयांनी काही मागितलं नव्हतं.

अडसरांच्या जागाही इंजिनियरांना विसरता आलेल्या नाहीत. इंचमपल्लीला धरण बांधायचा बेत कितीतरी दशकं कागदावर आहे. गोदावरीचं पाणी कावेरीला नेण्याच्या चर्चेत ते नाव पुन्हा पुन्हा येतं. दुम्मागुडेमला जुन्या बंधाऱ्याच्या परिसरात तेलंगणाने सीताम्मा सागरचं काम काढलं. आणि सिरोंच्याच्या खाली मेडीगड्डा. काळेश्वरम योजनेतला हा बॅरेज, ज्याचं एक टोक तेलंगणात आणि दुसरं सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीला, 2019 मध्ये सुरू झाला. फुगवट्याच्या पाण्याने शेतं गेल्याची सिरोंच्याच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. सिंचनाचा लाभ पलीकडे, पाणी मात्र अलीकडच्या शेतात. ऑक्टोबर 2023 मध्ये बॅरेजचे काही खांब खचले. हे वाचलं तेव्हा मी हेगच्या काळातच होते आणि वर्तमानपत्र उघडून क्षणभर गोंधळले.

सिरोंच्याला मी एकदाच गेले आहे, या अनुवादाच्या निमित्ताने. रायपूरहून जगदलपूर, विजापूर, भोपालपटनम. पुढे इंद्रावतीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. हे पूल अलीकडचे. आधी पावसाळ्यात नावेशिवाय सोय नव्हती. (नाव चालण्याची कॉटनची इच्छा एवढ्यापुरती तरी पूर्ण झाली होती.) मला वाटलं होतं, सिरोंच्यात उतरलं की मराठी कानावर पडेल, घरी आल्यासारखं वाटेल. पाट्या मराठी होत्या. चहाच्या टपरीवर मी मराठीत बोलले, टपरीवाल्याने मला उत्तर मराठीत दिलं, शेजारच्या गिऱ्हाइकाशी तो तेलुगूत बोलला आणि बाजारहाटाला आलेल्या एका म्हातारीशी गोंडीत. तिन्ही भाषांत तो सारख्याच सहजतेने हिशेब करत होता. मी मराठी कुठली असं त्याने विचारलं. रायपूरची, म्हटल्यावर त्याला ते पटलं नाही. “तिकडं हिंदी ना, ताई?” मी म्हटलं, आमच्या घरी भोसल्यांच्या काळापासून मराठी आहे. तो म्हणाला, “मग तुम्हीबी आमच्यासारखेच, मधले.”

जिल्ह्याचं ठिकाण म्हणून आता इथल्या माणसाला गडचिरोली गाठावं लागतं. 1982 मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला तेव्हा अंतर थोडं कमी झालं, तरी रस्त्याने ते सुमारे 200 किलोमीटर आहे. अहेरी जिल्हा करा, ही मागणी बरीच जुनी आहे. टपरीवाल्याला मी सांगितलं की सिरोंचा स्वतः जिल्ह्याचं ठिकाण होतं. त्याला ते माहीत होतं. गावात बऱ्याच जणांना माहीत असतं. इंग्रजांच्या काळातल्या इमारती दाखवतात. जिल्हा का केला होता आणि का मोडला, हे मात्र त्याने मलाच विचारलं. मी कापसाची गोष्ट सांगितली. तो हसला. “कापूस? नदीतून?” त्याने समोर बोट दाखवलं. मार्च महिना होता. प्राणहितेच्या पात्रात वाळूचा मोठा पट्टा उघडा पडला होता आणि त्यावर मिरचीचं वाळवण लाल दिसत होतं.

सिरोंचा तालुक्यात ग्लासफोर्डपेठा नावाचं एक गाव आहे. ग्रामपंचायतीच्या कागदांत, तालुक्याच्या बातम्यांत ते नाव अगदी सरावाने छापलेलं असतं, पोचमपल्ली किंवा अंकिसासारखंच. डेप्युटी कमिशनरचं आडनाव आणि त्याला लागलेली पेठ. हिंदी इतिहासकारांनी ज्या नावाची तीन रूपं केली, त्याचं गावकऱ्यांनी कधीच एक पक्कं रूप करून टाकलं होतं. परत आल्यावर मी हस्तलिखितात सगळीकडे ग्लासफर्ड खोडून ग्लासफोर्ड केलं.

‘अपर’चा प्रश्न शेवटी असा सुटला: ‘ऊर्ध्व’ काढून टाकलं. ‘वरची गोदावरी’ लिहून पाहिलं, तेही काढलं, कारण मराठीत लिहिलं की ते नाशिकला जातं. पानावर आता ‘अप्पर गोदावरी जिल्हा’ आहे, इंग्रजी शब्द तसाच. तळटीप लिहिली ती प्रकाशकांना लांब वाटली. तिच्यातली चार वाक्यं गेली, दोन राहिली: जिल्ह्याचं मुख्य ठाणं सिरोंचा, ‘अप्पर’ हे समुद्राकडून.